सकाळच्या आभाळात चर्या दिसल्या तर

मार्चचा तिसरा आठवडा होता. सकाळी साडेसातला साताऱ्यातल्या आमच्या गच्चीवरून अजिंक्यताऱ्याकडे बघत होतो. आभाळ निळंशार. फक्त किल्ल्याच्या माथ्यावर, बऱ्याच उंचीवर, पांढऱ्या ढगांची एक ओळ होती. तिचा तळ दोरी लावून आखल्यासारखा सपाट आणि वरच्या कडेवर लहान लहान बुरूज उभे राहिलेले, एकाशेजारी एक. खाली किल्ल्याच्या तटाला जशा चर्या असतात, अगदी तशा. वीस मिनिटांत ती ओळ विरूनही गेली.

शेजारच्या आबांनी शिजवलेली हळद वाळत घातली होती. त्यांना म्हटलं, "आबा, तीनच्या आत हळद गोळा करून झाका."

"एवढं कडक ऊन पडलंय, आन् झाकू कशाला?" ते म्हणाले. पण झाकली.

साडेचारला जरंडेश्वराच्या बाजूनं काळं आभाळ चढलं. आधी थंड वाऱ्याचा लोट आला, मग टपोरे थेंब, मग दहा मिनिटं हरभऱ्याएवढ्या गारा. त्यानंतर आबा मला विचारू लागले की सकाळी नेमकं काय दिसलं होतं. त्यांना तुकड्या-तुकड्यांनी जे सांगितलं, ते इथे सलग लिहितो आहे.

हवा डोळ्यांना दिसत नाही, सगळी अडचण तिथे आहे. डोक्यावर सहा किलोमीटरवर थंड हवा येऊन बसली, किंवा तिथला वारा एका रात्रीत दुप्पट झाला, तरी गच्चीवरच्या माणसाला पत्ता लागत नाही. त्या उंचीवर ढग असला तरच लागतो. म्हणून हौशी निरीक्षकासाठी प्रत्येक ढग हा वरच्या हवेचा माग असतो. पण नुसता आकार बघून माग काढता येत नाही. तो ढग किती उंचीवर आहे आणि कुठून कुठे चालला आहे, हे आधी ठरवावं लागतं. विचित्र ढगांचे फोटो फिरायला लागले की जे गोंधळ होतात, त्यांतले बहुतेक या दोन गोष्टी वगळल्यामुळे होतात.

उंची ठरवायला हाताची बोटं पुरतात. हात सरळ लांब करा. करंगळीची रुंदी साधारण एक अंश भरते, मधली तीन बोटं मिळून पाच अंश. आभाळात कापसाच्या गोळ्यांसारखे ढग पसरले असतील आणि एकेक गोळा करंगळीआड लपत असेल, तर ते फार उंचावरचे, बर्फकणांचे ढग. करंगळीपेक्षा मोठा पण तीन बोटांआड जाणारा असेल, तर मधल्या थरातला, म्हणजे दोन ते सहा-सात किलोमीटरच्या दरम्यानचा. त्याहून मोठे ढीग बहुधा खालचे. हा ठोकताळा डोक्यावरच्या आभाळासाठी आहे; क्षितिजाजवळ सगळंच लहान दिसतं, तिथे तो वापरू नये.

चाल बघायची तर देवळाचा कळस किंवा विजेचा खांब घ्या. त्याच्या टोकाशी ढगाची एक ठळक कड जुळवून मान न हलवता दोन मिनिटं उभं राहा. नुसत्या मोकळ्या आभाळाकडे बघून दिशा सांगणारे हमखास चुकतात, मीही पुष्कळ वर्षं चुकलो.

साय आणि उतू जाणारं दूध

आता त्या चर्यांकडे येऊ. या ढगांना अल्टोक्युम्युलस कॅस्टेलॅनस म्हणतात. लॅटिनमधल्या किल्ल्याच्या शब्दावरूनच ते नाव पडलं आहे. मधल्या थरातल्या ढगाला असे बुरूज फुटतात, याचा अर्थ त्या थरातली हवा वर उसळायला तयार बसली आहे.

तयार म्हणजे काय? कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी थंड होते. तिच्यातल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागलं की उष्णता सुटते, आणि मग ती पाच ते सात अंशांनीच थंड होते. वर जाणारा हा हवेचा गोळा आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम राहिला तर तो वर जातच राहतो. भोवतालची हवा उंचीबरोबर जितकी झपाट्यानं थंड होत असेल, तितकं त्या गोळ्याचं फावतं. याला हवामानाच्या भाषेत अस्थिरता म्हणतात. सकाळी सातला जमीन अजून तापलेली नसते, खालून काही ढकलत नसतं. अशा वेळी वर बुरूज उभे राहिले, तर ती अस्थिरता मधल्या थराची स्वतःची आहे.

मग लगेच पाऊस का येत नाही? कारण मधे झाकण असतं. उन्हाळ्यात आपल्याकडे दीड ते तीन किलोमीटरच्या आसपास गरम, कोरड्या हवेचा एक थर पुष्कळदा बसलेला असतो. खालची दमट हवा वर जायला बघते, पण त्या थरात शिरली की आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड ठरते आणि परत बसते. दूध तापत ठेवल्यावर साय धरते ना, तसंच. खाली उकळी फुटायला आलेली असते, साय तिला धरून ठेवते. गॅस मंद असेल तर काहीच होत नाही. आच वाढली तर एका क्षणी साय फाटते आणि दूध भसकन उतू जातं. दुपारचं ऊन ही आपली आच. साय फारच पातळ असेल तर सकाळपासूनच इकडेतिकडे लहान ढग होऊन जोर संपतो. सगळ्यात वाईट वादळं होतात ती साय पुरेशी जाड असून चारच्या सुमाराला फाटली तर, कारण तोवर खाली सगळा साठा जमलेला असतो.

सकाळच्या चर्या दिसतात त्या सायीच्या वर. म्हणजे त्या एवढंच सांगतात की साय फाटली तर वर कुणी अडवणारं नाही. साय फाटेल का, हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी दुसरीकडे बघावं लागतं.

फुग्याचा जबाब

देशात ठिकठिकाणी रोज पहाटे आणि संध्याकाळी हवामान खात्याचे फुगे सोडतात. जगभर ही वेळ एकच ठरलेली आहे. आपल्या घड्याळात ती साडेपाच आणि साडेपाच अशी येते. फुग्याखाली एक लहानशी पेटी असते, ती तापमान, आर्द्रता आणि दाब मोजत जाते, आणि फुगा कुठे वाहत गेला यावरून वारा कळतो. मिनिटाला साधारण तीनशे मीटर या चालीनं तो चढतो आणि तीसएक किलोमीटरवर फुटतो. मुंबई, नागपूर, पणजी इथल्या फुग्यांच्या नोंदी इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या आलेखासकट मिळतात, जगभरचे हौशी लोक तिथेच जातात.

तो आलेख पहिल्यांदा बघणाऱ्याला धडकी भरते. खरं तर त्यात दोनच रेषा महत्त्वाच्या: उजवीकडची हवेच्या तापमानाची आणि डावीकडची दवबिंदूची, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं त्याची. दोन्ही जवळ आल्या तर त्या उंचीवर हवा दमट आहे, ढग असणार. दूर गेल्या तर तिथे कोरडं. तापमानाची रेषा एखाद्या ठिकाणी मधेच उजवीकडे झुकली, म्हणजे वर जाताना थंड होण्याऐवजी गरम झालं, तर ती आपली साय.

उंची तिथे किलोमीटरमध्ये नसते, दाबात असते. सवय व्हायला चार आकडे पुरेत. ८५० हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे दीड किलोमीटर. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट याच्या थोडा खाली, कळसूबाईचं शिखर थोडं वर. इथे ओलावा बघायचा. ७०० म्हणजे तीन किलोमीटरच्या वर जरासं, इथे कोरडेपणा बघायचा. ५०० म्हणजे साधारण पावणेसहा, इथे थंडी. आणि २०० म्हणजे बारा किलोमीटरच्या वर, इथे वारा. मार्चमध्ये ५०० वर उणे १० किंवा त्याहून खाली तापमान दिसलं आणि खाली ओलावा असला, तर मी दिवसभर पूर्वेकडे नजर ठेवतो. हा माझा गच्चीवरचा ठोकताळा आहे, हवामान खात्याचा निकष नव्हे.

द्रोणी म्हणजे नक्की काय

बातम्यांत "द्रोणीय स्थितीमुळे राज्यात अवकाळी पावसाची शक्यता" असं वाक्य दर उन्हाळ्यात येतं. वाचणारा ते ओलांडून पुढे जातो. पण सगळी मेख या शब्दात आहे.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला उत्तर भारतावर बारा किलोमीटरच्या आसपास पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक नदी वाहते. तिचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंत जातो. नदीच म्हणायचं, कारण ती कृष्णेसारखी वळणं घेत जाते. एखादं वळण दक्षिणेकडे खाली उतरतं, तेव्हा नकाशावर त्याचा आकार पानाच्या द्रोणासारखा दिसतो. ती द्रोणी. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करत येणारे पश्चिमी झंझावात, ज्यांच्यामुळे हिमालयात बर्फ पडतं, ते याच नदीतून वाहत येतात. बहुतेक वेळा त्यांची झळ आपल्याला लागत नाही. पण द्रोणी खोल असली तर तिचं टोक महाराष्ट्रापर्यंत पोचतं.

द्रोणी आली की दोन गोष्टी होतात. एक, वरची हवा थंड होते. खालची हवा होती तितकीच गरम राहिली तरी तिच्या आणि वरच्या हवेतला फरक वाढतो, आणि उसळायला आणखी बळ मिळतं. शिवाय शून्य अंशाची पातळी, जी मार्चमध्ये साधारण साडेचार किलोमीटरवर असते, ती खाली उतरते. गारांना वितळायला मिळणारं अंतर कमी होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि समजायला थोडी अवघड. द्रोणीच्या पूर्वेला हवा वर ओढली जाते. का? पुण्याहून साताऱ्याला येताना आनेवाडीचा टोलनाका आठवा. नाक्यावर गाड्या हळू होतात, गर्दी होते. नाका सुटला की प्रत्येक गाडी वेग घेते आणि गाड्यांमधलं अंतर वाढत जातं. वरचा वाराही द्रोणीच्या वळणावर मंदावतो आणि वळण पार करून पुढे निघाला की वेग धरतो. म्हणजे द्रोणीच्या पुढे, पूर्वेकडे, हवा येते त्यापेक्षा जास्त वेगानं निघून जाते. तिथे विरळपणा व्हायला लागतो, आणि तो भरायला खालून हवा वर येते. द्रोणीच्या मागे, पश्चिमेला, उलटं होतं: वर गर्दी होते, हवा खाली दबते, आभाळ मोकळं होतं. त्यामुळे द्रोणी डोक्यावरून पुढे सरकली की एका रात्रीत निरभ्र होऊन गार वारा सुटतो, तो अनुभव सगळ्यांचाच आहे.

गच्चीवरून ही द्रोणी कशी ओळखायची? ती यायच्या आदल्या दिवशी पश्चिमेकडून, नैऋत्येकडून लांब तंतूंचे सिरस ढग धावत येतात. मराठीत त्यांना तंतुमेघ असं छान नाव आहे. कधी त्यांचा एक रुंद पट्टा आभाळभर आडवा पसरतो आणि त्याची उत्तरेकडची कड सुरीनं कापल्यासारखी सरळ असते. ती कड म्हणजे वाऱ्याच्या नदीचा काठ. पट्ट्यावर आडव्या बारीक वळ्या असतील तर तिथला वारा जोराचा आणि खडबडीत आहे. पुढे हे ढग दाट झाले की सूर्याला किंवा चंद्राला खळं पडतं. धान्य मळायचं खळंही गोल आणि हेही गोल. सहा कोनी बर्फकणांतून प्रकाश २२ अंशांत वळल्यामुळे ते होतं, म्हणून त्याची त्रिज्या दर वेळी सारखी भरते: हात लांब करून अंगठा चंद्रावर ठेवला तर ताणलेली करंगळी जवळपास खळ्यावर टेकते. "खळं पडलं, पाऊस येणार" ही म्हाताऱ्या माणसांची समजूत अगदी पोकळ नाही. वर ओलावा येतो आहे, एवढं खळं खात्रीनं सांगतं. पुढचं सांगायची ताकद त्याच्यात नाही.

ओलाव्याचा दुसरा झरा खाली लागतो. मार्च-एप्रिलमध्ये बंगालच्या उपसागरावरून येणारे आग्नेय वारे आणि उत्तरेकडून येणारे कोरडे वारे मध्य भारतात, महाराष्ट्रात एकमेकांना भिडतात. विदर्भापासून कर्नाटक, केरळपर्यंत दक्षिणोत्तर रेषा आखलेली बातमीत येते ती हीच. साताऱ्यात आम्हाला ती कळते ती सकाळच्या वाऱ्यावरून: वारा उगवतीचा झाला, अंग चिकचिकायला लागलं, की खालचं पाणी आलं म्हणून समजावं.

हे सगळं एकत्र आलं आणि हललंच नाही, तर काय होतं ते २०१४ मध्ये महाराष्ट्रानं बघितलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्र गारपिटीनं झोडपून निघाले. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी आडवी झाली, द्राक्षं आणि डाळिंबं फुटली, जनावरं मेली. एखाद-दुसरा दिवस गारा पडणं आपल्याला नवीन नाही, पण दोन-तीन आठवडे पुन्हा पुन्हा? वरच्या पश्चिमी वाऱ्यांतली द्रोणी नेहमीपेक्षा खूप दक्षिणेला उतरली होती, आणि खालून दोन्ही समुद्रांचा ओलावा तिला मिळत राहिला. त्या दिवसांत मी वहीत फक्त वेळा आणि गारांचे आकार लिहीत होतो. वरच्या हवेचे नकाशे बघायला शिकलो ते त्यानंतर, कारण आपल्या डोक्यावर पंधरा दिवस काय उभं होतं हे मला कळलंच नव्हतं, ही बोच राहिली होती.

ऐरण कुठे झुकली आहे

वादळी ढगाचा माथा आपल्याकडे सोळाएक किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. त्यावर हवेचा स्थिर थर असतो, तिथे ढग अडतो आणि आडवा पसरतो. लोहाराच्या ऐरणीसारखा आकार होतो. मला सगळ्या आभाळात सर्वांत बोलकी वाटते ती ही ऐरण, कारण ती ज्या दिशेला लांबलेली असते तिकडे बारा-पंधरा किलोमीटरवरचा वारा वाहत असतो. फुगा नको, नकाशा नको.

मार्चमध्ये ऐरण पूर्वेकडे किंवा ईशान्येकडे लांबते. वर पश्चिमी वारे आहेत. जुलैमध्ये तुरळक मोकळीक मिळाली आणि लांबवर एखादा मोठा ढग दिसला, तर त्याची ऐरण पश्चिमेकडे, अरबी समुद्राकडे गेलेली असते. पावसाळ्यात भारताच्या दक्षिण भागावर पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा अतिवेगवान वारा असतो. पुढे हवामान खात्याचे महासंचालक झालेल्या पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली तो जगापुढे मांडला. हा उष्णकटिबंधीय पूर्वीय जेट प्रवाह, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग. मोसमी पावसाचं इंजिन चालू आहे की नाही, हे बघणारे शास्त्रज्ञ आजही त्याच्यावर लक्ष ठेवतात.

आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो! जूनच्या मध्यावर आमच्याकडे यवतेश्वराच्या डोंगरावरून खालचे करडे ढग धावत पूर्वेला येतात. त्यांच्या फटीतून कधी वरचे पांढरे तंतू दिसले, तर कळसाशी डोळा लावून बघा. ते उलटे, पश्चिमेकडे सरकत असतात. खाली एक नदी, वर उलट्या दिशेची दुसरी. ही फट पहिल्यांदा सापडली त्या दिवशी मी चहा गार होईपर्यंत तिथेच उभा होतो.

घाबरवणारे ढग

ऐरणीच्या खालच्या बाजूला कधी कधी गाईच्या सडांसारखे गोल फुगवटे लोंबतात. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते तांबूस-जांभळे दिसतात आणि फोटो गावभर फिरतात. मॅमॅटस हे त्यांचं नाव. ऐरणीतली थंड, कणांनी जड झालेली हवा खाली बसताना ते होतात. म्हणजे जवळपास मोठा वादळी ढग आहे किंवा होता, एवढं खरं. पण फुगवट्यांतून गारा पडत नाहीत, आणि पुष्कळदा ते दिसतात तेव्हा वादळ पुढे गेलेलं असतं. ऐरण कुठून आली ते बघा. ढगाचा बुंधा तुमच्यापासून दूर जात असेल तर निवांत फोटो काढा. याउलट क्षितिजाशी समांतर, कमानीसारखी काळी लाट तुमच्याकडे येत असेल, तर फोटोच्या नादी लागू नये. पावसातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरत पुढे येते आणि आपल्यापुढची दमट हवा उचलते, तिची ती कमान. पाच-दहा मिनिटांत वारा पोचतो. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तीननं भागा, तितके किलोमीटर ती दूर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर शेतातून, झाडाखालून उठून घरात जायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप विजेसाठीच आहे, शेतकऱ्यांच्या मोबाइलमध्ये ते असलंच पाहिजे.

समुद्राच्या फुटत्या लाटांसारखी ढगांची रांग दिसली तर ते दोन थरांतल्या वाऱ्यांच्या वेगातला फरक दाखवतं. वरचा थर खालच्यावरून घसरताना कड उचलून वळवतो. दोन-चार मिनिटांत ते मोडतं. पातळ ढगाला मधेच गोल भोक पडलेलं दिसलं तर बहुधा तिथून विमान गेलेलं असतं: शून्याखाली असूनही द्रवच राहिलेले थेंब अचानक गोठतात, बर्फकण खाली गळतात आणि भोक मोठं होत जातं.

भिंगासारखा, ताटलीसारखा गुळगुळीत ढग मात्र अफवांचा लाडका आहे. १९ जानेवारी २०२३ रोजी तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरावर असा एक भलामोठा नारिंगी ढग उभा राहिला. ६ फेब्रुवारीला त्या देशात भीषण भूकंप झाला आणि तो "भूकंपाचा ढग" होता असे संदेश मराठी गटांतही आले. बुर्साजवळ उलुदाग हा उंच डोंगर आहे. स्थिर हवेचा वारा डोंगर ओलांडतो तेव्हा पलीकडे लाटा उठतात, आणि लाटेच्या माथ्यावर हवा थंड होऊन ढग धरतो. हवा त्यातून वाहून जाते, ढग जागच्या जागी राहतो. भूकंपाचं केंद्र बुर्सापासून शेकडो किलोमीटर दूर, आणि असे ढग डोंगराळ मुलखात वर्षभर भूकंपाशिवाय दिसत असतात. लडाखला गेलेल्या कुणालाही विचारा.

हौशी लोकांनी नुसत्या अफवा पसरवल्या असं मात्र कुणी समजू नये. आज सगळं जग ढगांना ज्या नावांनी ओळखतं, ती सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस ही नावं ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषधनिर्मात्यानं १८०२ साली एका व्याख्यानात मांडली. हवामान हा त्याचा धंदा नव्हता, छंद होता. आणि दोनशे वर्षांनी पुन्हा तेच झालं. खवळलेला समुद्र पाण्याखालून बघावा तसे दिसणारे ढग लोक जगभरातून टिपत होते. ब्रिटनमधल्या क्लाउड अ‍ॅप्रिसिएशन सोसायटी या हौशी मंडळानं ते फोटो जमवून या ढगांना स्वतंत्र नाव मिळावं असा आग्रह धरला. २०१७ मध्ये जागतिक हवामान संघटनेनं आंतरराष्ट्रीय ढगसंग्रहाची नवी आवृत्ती काढली, तिच्यात 'ॲस्पेरिटास' हे नाव आलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खडबडीतपणा. फोटोला तारीख, वेळ आणि ठिकाण असेल तर तो शास्त्राच्या कामाला येतो. ते नसेल तर नुसता फॉरवर्ड.

गच्चीवरून दिसणाऱ्याला मर्यादा आहेत. दोन फुग्यांमध्ये शेकडो किलोमीटरचं अंतर असतं आणि एक वादळी ढग दहा किलोमीटरचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. कुलाब्यातल्या गच्चीवर उभ्या माणसानं त्या दिवशी काय ओळखलं असतं? म्हणून इशारा हवामान खात्याचा मानायचा, उपग्रहाची आणि डॉप्लर रडारची चित्रं उघडून बघायची, आणि आपलं आभाळ त्यांच्याशी ताडायचं.

हळदीच्या त्या दिवसानंतर बारा दिवसांनी पुन्हा चर्या दिसल्या, आधीपेक्षा सुबक. आबांनी माझ्या सांगण्यावरून दुपारीच हळद झाकली, दोन गडी त्यात गेले. पाऊस आला नाही. संध्याकाळी जरंडेश्वरावर एका ढगातून पावसाचे दोरे लोंबले आणि अर्ध्यावरच सुकून गेले. रात्री मी मुंबईच्या फुग्याचा सकाळचा आलेख उघडला. मधल्या थरात ओलाव्याची पातळशी पट्टी होती, चर्या त्यातल्या. तिच्याखाली, ७०० च्या आसपास, दोन्ही रेषा हातभर दूर. साय जाड. ५०० वर थंडी नव्हती, २०० वर वारा नव्हता, द्रोणी कुठेच नव्हती. मी नुसता आकार बघितला होता. सकाळी उघडायला हवा होता तो आलेख रात्री उघडला.

आबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. तीन दिवसांनी सकाळी त्यांनीच अंगणातून हाक मारली. किल्ल्याच्या वर पुन्हा एक ओळ होती.

"वर हायेत," ते म्हणाले, "पण वारा बघ. उगवतीचा न्हाई अजून."

वारा पश्चिमेचाच होता, कोरडा. हळद दिवस मावळेपर्यंत उन्हात राहिली.